आबांच्या मालकीचा ताप

थोरली मुलगी जन्मली त्या वर्षी मोठ्या तापाची साथ आली होती. आबा त्या साथीत दवाखान्यात पडले आणि बरे होऊन घरी आले. कुलपं दुरुस्त करायला पुन्हा दुकानात बसूही लागले. पण जड म्हणून काही उचलायचं नाही, हा नियम घरात लागू झाला तो तेव्हापासून. खालच्या नळावरून आणायची बादली, गादी, सिलिंडर, बाजारची पिशवी, यांतलं काहीही समोर आलं की आबा छातीवर हात ठेवत आणि म्हणत, "मोठा ताप होऊन गेलेला माणूस आहे मी." खिडकीजवळची हातांची खुर्ची त्यांची. बाकीच्यांनी स्टुलावर बसायचं. थोरलीला मुलगी झाली, ती मुलगी शिकून नोकरीला लागली, तरी नियम तसाच होता.

त्या नियमाला हात घातला जावयाने.

"आबा, ताप उतरून पंचेचाळीस वर्षं झाली. आता निदान रिकामी बादली तरी उचलून बघा."

आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला साधं पडसं झालं की ऑफिसला दांडी मारता तुम्ही! आणि मला सांगताय?"

त्याच आठवड्यात नात बातमी घेऊन आली. ती मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्या जुन्या साथीतून वाचलेली माणसं तिच्या साहेबांना हवी होती. इतक्या वर्षांनी त्यांच्या रक्तात कोणत्या अँटिबॉडी उरल्या आहेत ते मोजायचं होतं.

"कोणत्या म्हणजे? त्यांच्यातही जाती?" आजीने विचारलं.

"चार उपप्रकार असतात गं आजी. चार भाऊ समज. रोग घरात शिरला की तिसरा सगळ्यांत आधी हातघाईवर येतो, पण टिकत नाही. पहिला खमका, तो वर्षानुवर्षं पहारा देतो. दुसऱ्याचं गिऱ्हाईक वेगळं. आणि चौथा येतो तो तीच कटकट पुन्हा पुन्हा होत राहिली की. तो भांडत नाही, उलट भांडण थंड करतो."

"मग चौथा माझ्यात भरपूर असणार," आबांकडे बघत आजी म्हणाली.

आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. आता खुद्द प्रयोगशाळाच सांगणार होती, म्हणजे जावयाचं तोंड कायमचं बंद. इस्त्रीचा सदरा घालून ते रक्त द्यायला गेले, पिशवी धरायला आजी. तिथे तुलनेसाठी त्याच घरातलं, ताप न झालेलं माणूस हवं होतं.

"ही आहे की!" आबा म्हणाले. "हिला आयुष्यात काही झालं नाही. दगड आहे दगड."

आजीने पिशवी खाली ठेवली आणि बाही वर केली.

निकालाच्या दिवशी नात आली ती चपला न काढताच दारात उभी राहिली.

"आबा, माझ्याकडून काहीतरी घोळ झालाय. तुमच्या नळीत त्या तापाचे चारही भाऊ गैरहजर. आणि आजीच्या नळीत पहिला नुसता मावत नाहीये."

"नळ्या बदलल्या तुम्ही!" आबा खुर्चीतून उठले. "माझा ताप हिच्या नावावर चढवला! माणसाने जिवावर बेतलेलं दुखणं काढायचं आणि ते तुम्ही उचलून दुसऱ्याला देऊन टाकायचं?"

"दुसऱ्याला कुठे? घरातल्या घरातच राहिलाय," जावई म्हणाला.

आबा थेट साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. साहेब भला माणूस. पुन्हा रक्त घेऊ म्हणाला. पण आबांचा आता कुणावरच भरवसा नव्हता. स्वतःची पत्र्याची पेटी आणि स्वतःच्या हातचं कुलूप घेऊन ते गेले. आपली आणि आजीची नळी डोळ्यांदेखत पेटीत ठेवायला लावली, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, पेटी खिडकीत ठेवली आणि समाधानाने घरी आले. किल्ली खिशात.

प्रयोगशाळेत दुपारपर्यंत सगळे त्या कुलपाशी झटले. शिपायाने हातोडी आणली, तिचा दांडा मोडला. नात धावत घरी आली तेव्हा आबा झोपलेले होते.

"किल्ली, आबा!"

"कुलूप उघडलं नाही ना कुणाला?" आबांनी आधी हेच विचारलं.

पेटी उघडेपर्यंत उन्हाने रक्त नासलं होतं. आजीची बाही तिसऱ्यांदा वर गेली.

"आता तुमचा ताप शोधता शोधता माझं रक्त संपायचं, अहो," ती म्हणाली.

या वेळी पेटी शीतकपाटात ठेवली आणि आबा किल्ली घेऊन तिथेच बसून राहिले. निकाल तोच आला. आबांकडे चार शून्यं. आजीकडे पहिला भाऊ दांडगा.

"मशीन बिघडलंय," आबा म्हणाले. "माझ्याकडे जिवंत साक्षीदार आहे."

साक्षीदार म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी. साथीत आबांच्या शेजारच्या खाटेवर तोच होता. आबांनी त्याला ओढत प्रयोगशाळेत नेलं. त्याच्याही रक्तात पहिला भाऊ ठणठणीत निघाला. म्हणजे मशीन शहाणं होतं. न्हावी निकाल ऐकायला घरी आला, स्टुलावर बसला, आणि आबांनी सगळ्यांसमोर त्याला फर्मावलं, "सांग यांना. होतो की नाही मी तुझ्या शेजारी?"

"होतास की."

"ऐका!"

"पण तुझी दाढ सुजली होती रे," न्हावी म्हणाला. "गाल हा एवढा. दुसरीकडे खाट नव्हती म्हणून तुला आमच्यात आणून टाकलं."

"माझं अंग तापलं होतं!"

"दाढेनेच. दाढ काढली आणि उतरलं. आम्ही मात्र तीन आठवडे तिथेच."

आबा त्याच्यावरच उलटले. "मग पंचेचाळीस वर्षं बोलला का नाहीस?"

"दर वेळी दाढी करताना तू इतक्या आनंदाने सांगायचास. हातात वस्तरा असताना गिऱ्हाइकाशी कोण वाद घालतो?"

जावयाने तोंडावर हात धरला. नातीला मात्र हसू आलं नाही. "मग आजीला कुठून झाला?"

"वहिनी रोज डबा घेऊन यायच्या ना," न्हावी म्हणाला. "पोटुशी होत्या. डबा याच्या हातात द्यायच्या आणि जाता जाता आम्हा सगळ्यांना पाणी पाजायच्या."

सगळे आजीकडे बघू लागले. ती जरा अवघडली.

"थोरली झाल्यावर आठ-पंधरा दिवस अंग भाजायचं खरं," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणात असं होतंच. आणि हे नुकतेच घरी आलेले. यांना जड उचलायचं नव्हतं. पाणी मीच भरत होते."

आबा एवढ्यांदा ओरडले की न्हावी स्टुलावरून उठला.

"अंगात मोठा ताप असलेल्या बाळंतिणीला खालून पाणी भरायला लावलं? कोण होता तो नालायक?"

जावई छताकडे बघू लागला.

"जाऊ द्या," आजी म्हणाली. "शोधायला लांब जावं लागणार नाही." मग नातीकडे वळून तिने विचारलं, "तो चौथा किती निघाला गं माझ्यात?"

"चौथा नाहीच आजी. शून्य."

"शून्य? मग इतकी वर्षं गप्प कशाच्या जोरावर बसले मी?"

ती उठली, खिडकीजवळ गेली आणि हातांच्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला पुरत नव्हते. खालच्या नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, तसा तिने छातीवर हात ठेवला.

"मोठा ताप होऊन गेलेली बाई आहे मी."

आबांनी बादली उचलली. जावई पुढे झाला, तर त्याच्यावर खेकसले, "सरका! पडसं होईल तुम्हाला."

पहिल्या खेपेला अर्धं पाणी जिन्यातच सांडलं. ते कोणी पुसायचं यावरून आबांनी पुन्हा आवाज चढवला आणि मग स्वतःच पुसलं.

आबा त्यानंतर सहा वर्षांनी गेले. नातीला मुलगा झाला त्याच महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, दोन्ही बादल्या भरून वर आणल्यावर. डॉक्टरांनी येऊन पाहिलं. अंगात ताप नव्हता.