पुडी क्रमांक एक्केचाळीस

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी इमारतीच्या आवारातली पांढरी व्हॅन सुरू झाली नाही. रिमोटचे बटण दाबताच दार उघडले, दिवे लागले, किल्ली फिरवल्यावर इंजिन दोन सेकंद चालले आणि बंद पडले. पुन्हा तेच. पाचव्या वेळी स्टिअरिंगमागे किल्लीचे चित्र असलेला लाल दिवा लुकलुकू लागला. आठ वाजून चौदा मिनिटांनी व्हॅनच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. पुढच्या तीन तासांचा दोष त्यांना द्यायचाच झाला, तर एवढ्याच कृतीचा देता येईल.

दार मेहुण्याने उघडले. तो ताईकडे गळका नळ बदलायला आला होता. एरवी तो घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपून आणायचा. अक्षर सुवाच्य आणि स्वभाव गरीब, या दोन दोषांमुळे गेली चार वर्षे तो आपल्या भाऊजींचा साहाय्यक होता. पगार नव्हता. साप्ताहिक सुट्टी होती, ती भाऊजींच्या कामी यायची.

भाऊजी एका गालाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले.

"बाई, तुम्ही काही सांगू नका. मीच सांगतो. तुम्ही घाईघाईने जिना चढून आलात."

"लिफ्ट बंद आहे, साहेब."

"तेच," भाऊजी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग त्यांनी स्वतःविषयी थोडे सांगितले. भाऊजींचे थोडे म्हणजे अकरा मिनिटे. इतर लोक नुसते बघतात, आपण पाहतो. माणसाच्या चपलेच्या टाचेवरून त्याच्या सासूचा स्वभाव आपण ओळखतो. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे काढली, त्या काळात तालुक्यातला एक ग्रॅम आपल्या नजरेतून सुटला नाही. निवृत्तीनंतर आराम करायचा विचार होता, पण गुन्हेगारी जगताने तो करू दिला नाही. या जगताने आजवर त्यांच्याकडे पाठवलेल्या प्रकरणांत दोन हरवलेली मांजरे, एक छत्री आणि दुधाच्या पिशवीला पडलेले भोक यांचा समावेश होता, हे त्यांनी सांगितले नाही. मेहुण्याच्या वहीत मात्र ते सगळे होते. एक मांजर सापडले होते. ते स्वतःच परत आले होते.

खात्याने भाऊजींना एक गोष्ट हाडामांसात रुजवून दिली होती. जे कळत नाही ते कागदाच्या पुडीत घालायचे, वर क्रमांक टाकायचा, लाख वितळवून सील ठोकायचे. सील ठोकले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. निवृत्त होताना त्यांनी शिक्का परत केला होता, पण त्याआधी त्याच्यासारखाच एक बनवून घेतला होता.

बाईंचे म्हणणे शेवटी साडेआठला ऐकून घेण्यात आले. त्या कवळ्या बनवायच्या. व्हॅनच्या मागच्या भागात त्यांचे टेबल, घासायचे मशीन आणि खुर्ची असे सगळे बोल्ट मारून बसवलेले होते. कवळी घरी बनते, पण माणसाच्या तोंडात नीट बसते ती तिथल्या तिथे घासूनपुसूनच. शहराच्या दुसऱ्या टोकाला आज बारा वाजता एका निवृत्त न्यायाधीशांचा सत्कार होता. त्यांना भाषण करायचे होते आणि तोंडात एकही दात नव्हता. बाईंना सगळे काम देणारा दाताचा डॉक्टर हा न्यायाधीशांचा जावई होता. आज कवळी बसली नाही, तर उद्यापासून त्याचे काम दुसरीकडे जाणार होते. तसे त्याने शांतपणे बजावले होते, हेच बाईंना जास्त लागले होते.

"टॅक्सीने जा की," मेहुणा म्हणाला.

"मशीन काय मांडीवर घेऊन जाऊ?"

भाऊजींनी मेहुण्याकडे नेहमीच्या नजरेने पाहिले.

"आता किल्लीचा विषय काढू नका," ते बाईंना म्हणाले. "शनिवारी तिचं फुटकं कव्हर मीच बदलून दिलं. बाजारातून हुबेहूब तसंच आणलं, आतली सर्किटची पाटी बसवली, बटणं बसवली. जी वस्तू माझ्या हाताखालून गेली, तिच्यावर संशय घ्यायचं कारणच नाही. हे लिही."

मेहुण्याने लिहिले. किल्ली: संशयापलीकडे.

पहिला सिद्धान्त आठ चाळीसला मांडला गेला. शहरात कवळ्या बनवणारा दुसरा कोण?

"होते एक," बाई म्हणाल्या. "पण ते मार्चमध्ये वारले."

"फार सोयीच्या वेळी वारले," भाऊजी म्हणाले, आणि त्या गृहस्थांच्या नावापुढे वहीत प्रश्नचिन्ह काढायला लावले.

दुसरा सिद्धान्त किल्लीच्या सेलचा होता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यातला सेल काढून किल्लीत घालण्यात आला. परिणाम लगेच दिसला. व्हॅनचे दार आता तिसऱ्या मजल्यावरूनही उघडत होते. इंजिन मात्र दोन सेकंदच चालायचे, आणि ताईला पिठाचे वजन करता येईना.

"म्हणजे यात दाराचा हात नाही," भाऊजींनी निष्कर्ष काढला.

साडेनऊ वाजता त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, तिची मेहुण्याला गेली चार वर्षे भीती वाटत आली होती. किल्ल्यांची अदलाबदल झाली असणार. इमारतीत काळ्या रिमोटच्या, दिसायला एकसारख्या किल्ल्या किती? मेहुण्याला ताट देऊन वरपासून खालपर्यंत पाठवण्यात आले. मीटर वाचणाऱ्याला कुणी दारातून परत पाठवत नाही, या सवयीमुळे त्याला नऊ किल्ल्या मिळाल्या.

चौथ्या मजल्यावरच्या टेलरने तर किल्ली आपणहून ताटात टाकली. "ठेवून घ्या. तशीही माझी गाडी बारा दिवस जागची हललेली नाही. सुरू होते आणि बंद पडते. गॅरेजवाला म्हणतो, सगळं वायरिंग काढून बघावं लागेल."

मेहुण्याने खाली येऊन हे सांगितले. भाऊजींनी हात वर केला. "वेगळी केस आहे. एका वेळी एक."

नऊही किल्ल्या व्हॅनला लावून झाल्या. चार शिरल्या नाहीत, चार शिरून वळल्या नाहीत. नवव्या किल्लीचे बटण दाबताच कोपऱ्यात उभी असलेली कुणाचीतरी गाडी कोकलायला लागली आणि सात मिनिटे कोकलत राहिली. किल्ल्या परत करताना कुठली कुणाची हे कळेना, कारण प्रत्येकीला पुडी करायला भाऊजींजवळ वेळ नव्हता. दहा वाजून वीस मिनिटांनी जिन्यात सहा माणसे एकमेकांच्या किल्ल्या हातात घेऊन उभी होती. बाई व्हॅनच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकचा डबा, डब्यात न्यायाधीशांचे सगळे दात.

"साहेब, मला बाराला तिथे पोचायचंय," त्या म्हणाल्या. "अर्धा तास रस्त्यात जातो. आणि पोचल्यावर पाच-दहा मिनिटं घासायला."

"बाई, किल्ली निकामी झाली तर फायदा कुणाचा?" भाऊजी म्हणाले. उत्तराची वाट न बघता ते चालू लागले.

कोपऱ्यावर किल्लीवाला बसायचा. एक टेबल, एक मशीन, डोक्यावर टांगलेल्या शंभरेक कोऱ्या किल्ल्या. भाऊजींनी त्याला शनिवारी संध्याकाळी तू कुठे होतास, असे विचारले. इथेच होतो, असे तो म्हणाला. रविवारी? इथेच. भाऊजींनी मेहुण्याला "उत्तरं पाठ केलेली वाटतात" असे लिहून घ्यायला सांगितले. तोवर बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली होती. किल्लीवाल्याने ती उचलली आणि अंगठ्याच्या नखाने कव्हर उघडले. चार सेकंद लागले असतील.

"हे कव्हर कुणी बदललं?"

बाईंनी भाऊजींकडे पाहिले. मेहुण्याने वहीकडे पाहिले.

"इथे बघा, खाच रिकामी आहे," किल्लीवाला म्हणाला. "यात काळा दाणा असतो, चिप म्हणतात तिला. बटणं फक्त दार उघडतात, त्यांची सर्किटची पाटी वेगळी. इंजिन या दाण्याला विचारून चालू राहतं. तुम्ही पाटी इकडे आणली, किल्लीचं पातं आणलं, दाणा जुन्या कव्हरात राहिला. जुनं कव्हर कुठंय?"

"टाकून दिलं," भाऊजी म्हणाले. "ते निरुपयोगी होतं."

"दुसरी किल्ली असेल ना?"

व्हॅन जुनी घेतलेली होती. आली तीच एका किल्लीवर. नवा दाणा गाडीला ओळखीचा करून द्यायला कंपनीकडून माल मागवावा लागेल, गाडीचा क्रमांक पाठवावा लागेल, तीन आठवडे धरून चला, असे किल्लीवाल्याने सांगितले. तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्या दाण्याने काम होत नाही का, असे बाईंनी विचारले. तो म्हणाला, दिसायला सगळे सारखेच असतात, गाडी ज्याला ओळखते तोच चालतो.

बाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि मोबाइल काढला. डॉक्टरांना कळवलेले बरे, असे त्या कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या. मग त्या नंबर शोधू लागल्या.

आणि मेहुण्याला स्वतःचे अक्षर आठवले.

शनिवारी संध्याकाळी, भाऊजींच्या टेबलावर, त्याने ते एका पुडीवर लिहिले होते. शब्द भाऊजींचे होते. पुरावा क्रमांक ४१. अज्ञात काळा दाणा. विषारी असण्याची शक्यता. चाटू नये.

"भाऊजी," तो म्हणाला, "एक्केचाळीस."

"तो विषाचा आहे."

"भाऊजी, तो कव्हरातून पडला होता."

बाईंनी मोबाइल खाली ठेवला.

घरी टेबलाचा खण रिकामा होता. भाऊजींचा चेहरा उजळला. "चोरी," ते म्हणाले. ताईने स्वयंपाकघरातून सांगितले की लाखेला मुंग्या लागतात की काय म्हणून तिने त्या सगळ्या पुड्या शिलाई मशीनखालच्या डब्यात टाकल्या आहेत. पत्र्याचा डबा आला. पुडी क्रमांक एक्केचाळीस वरच होती. किल्लीवाला आपले टेबल सोडून मागोमाग आला होता, त्याने हात पुढे केला.

भाऊजींनी पुडी छातीशी धरली. "सील असं तोडता येत नाही. दोन पंच लागतात. त्यांच्या सह्या लागतात. पंच नात्यातले नकोत. मेहुण्या, खालून दोन माणसं—"

अकरा वाजून चार मिनिटे झाली होती.

"अहो," ताई म्हणाली, "इकडे आणा ती."

नोकरीच्या एकतीस वर्षांत भाऊजींच्या ज्या सीलला पंचांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, तसले सील तिने कात्रीने कापले. दाणा तिच्या तळहातावर पडला. तांदळापेक्षा थोडा मोठा. इतका क्षुल्लक की भाऊजींनी त्याला विषारी म्हटले त्यात थोडा मोठेपणा देण्याचाच हेतू असावा.

अकरा वाजून अकरा मिनिटांनी व्हॅन सुरू झाली. दोन सेकंद झाले, तीन झाले, दहा झाले. लाल दिवा विझला. बाईंनी किल्लीवाल्याचे आभार मानले, ताईला हात केला, मेहुण्याकडे बघून मान हलवली. भाऊजी खिडकीशी जाऊन म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, पुरावा कधी टाकून द्यायचा नसतो."

"हो," बाई म्हणाल्या. "कव्हर मात्र टाकलंत." आणि त्यांनी गिअर टाकला.

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी ताईच्या मोबाइलवर त्यांचा निरोप आला. कवळी चपखल बसली आहे. न्यायाधीशसाहेब बोलायला उभे राहिले, ते अजून बोलतच आहेत. लोक डॉक्टरांकडे रागाने बघत आहेत. नवीन दोन कवळ्यांचे काम मिळाले.

मेहुणा पुड्या डब्यात परत भरत होता. सदतीस, छत्रीचा दांडा. एकोणचाळीस, दुधाच्या पिशवीचा कोपरा. मध्ये अडतीस. तिच्यावरही त्याचेच अक्षर होते. पुरावा क्रमांक ३८. अज्ञात काळा दाणा. टेलरच्या किल्लीचे कव्हर बदलताना आढळला. तारीख बारा दिवसांपूर्वीची.

त्याने पुडी ताईला दाखवली. ताईने ती वाचली, पुन्हा वाचली.

"सांग त्यांना," ती म्हणाली.

तो सांगायला वळला, तेव्हा भाऊजी दारात टेलरशी हात मिळवत होते. ही केस आपण स्वतः हाती घेत आहोत, सकाळच्या यशानंतर आपल्याला किल्ल्यांच्या गुन्ह्यांचा विशेष अनुभव आहे, आणि टेलरने काही सांगू नये, आपणच सांगतो, असे ते त्याला सांगत होते. टेलर म्हणाला, गॅरेजवाला तीन वाजता वायरिंग उपसायला येणार आहे. येऊ दे, भाऊजी म्हणाले, मला त्याचे हात बघायचे आहेत.

साडेचार वाजता शेवटची माहिती मिळाली तेव्हा टेलरच्या गाडीतले निम्मे वायरिंग चटईवर पसरलेले होते. भाऊजी त्यावर भिंग धरून उभे होते. मेहुण्याने तोंड उघडले होते ते तीनदा, आणि तिन्ही वेळा त्याला "आधी लिही" असे सांगण्यात आले होते. वहीत नवे पान सुरू झाले होते. किल्ली: संशयापलीकडे. संशयित क्रमांक एक: गॅरेजवाला. आणि दुसऱ्या मजल्यावरून ताई जिना उतरत होती. तिच्या एका हातात पुडी होती, दुसऱ्या हातात कात्री.