गुणाजी अस्वलाचा मोठा क्रँकशाफ्ट

बाळांनो, एका जंगलात गुणाजी नावाचं अस्वल राहत होतं आणि त्याच्याकडे एक जुनी मोटार होती. जंगलात मोटार कुठून आली, असं विचारणाऱ्या मुलांनी उठून भूमितीचा अभ्यास करावा.

मोटारीचं इंजिन हवेवर थंड होणारं होतं. पाणी नको, काही नको. पंखा वारा घाली, पत्र्याची झाकणं तो वारा सिलिंडरांवर वळवत आणि गाडी खुशाल चाले. मोह फुलला की गुणाजी बायकोला, म्हणजे चंद्राला, घाटावरच्या माहेरी नेई. चंद्राची आई फार थकली होती. तिला दिसत नव्हतं. लेक-जावई आले की दोघांच्या तोंडावरून पंजा फिरवायची आणि मगच मोहाची फुलं तोंडात टाकायची.

गाडी घाट चढे, पण इतकी सावकाश की चंद्रा खिडकीतून हात काढून करवंदं तोडी. तिला ते फार आवडे. गुणाजीला मात्र लाज वाटे, कारण एकदा चढावर एका गोगलगायीने त्याच्याकडे साइड मागितली होती.

म्हणून तो हौशी इंजिन मंडळाकडे गेला. हे मंडळ वडाखाली बसे. ज्याची गाडी चालते त्याने लांब बसायचं, असा मंडळाचा नियम होता. सगळ्या सभासदांच्या गाड्या विटांवर उभ्या होत्या. अध्यक्ष भाऊसाहेब उदमांजर यांच्या गाडीत तर मुंग्यांनी वारूळ केलं होतं. भाऊसाहेबांनी लांब स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनना मागेपुढे नेणारा वाकडा दांडा, बसवायला सांगितलं. पिस्टनची धाव वाढेल, तो जास्त पेट्रोल पिईल आणि जास्त जोर करील.

"बाकी काही बदलावं लागेल का?" गुणाजीने विचारलं.

"फारसं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

गुणाजीने इंजिन उतरवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. नवा क्रँकशाफ्ट बसवला तर कनेक्टिंग रॉड आतल्या भिंतीला अडू लागले. त्याने भिंत कानशीने घासली. मग पिस्टन सिलिंडरच्या बाहेर डोकावू लागले. त्याने सिलिंडरखाली जाड कड्या घातल्या. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आडवे असलेले सिलिंडर त्यामुळे आणखी बाहेर सरकले, तशी पत्र्याची झाकणं बसेनात. त्याने झाकणं काढून टाकली.

आपण मूर्खपणा करतोय हे एव्हाना त्याला कळलं होतं. पण अर्धा झालेला मूर्खपणा सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. रोज सकाळी तो स्वतःला गाढव म्हणे आणि कानस उचले. जंगलातल्या गाढवाने याबद्दल रीतसर तक्रार केली.

मोह फुलला. धनेश पक्षी चंद्राच्या आईचा निरोप घेऊन आला, की यंदा लवकर या, पुढचा मोह मी बघेन असं वाटत नाही.

इंजिन तयार झालं, आणि मोटारीत बसेना. ते वीतभर जास्त रुंद झालं होतं. गुणाजीने ते टेबलावरच सुरू केलं. भांडी फळीवरून खाली आली. झाकणं नव्हती, म्हणून मंडळाचे सभासद पाळीपाळीने पळसाच्या पानांनी वारा घालू लागले. भाऊसाहेबांना भरून आलं. त्यांनी गुणाजीला तिथल्या तिथे उपाध्यक्ष केलं.

चंद्राने गाठोडं उचललं.

"अगं, आवाज तरी ऐक," गुणाजी म्हणाला.

"ऐकू येईल मला. वरपर्यंत येईल," ती म्हणाली आणि घाटाला लागली.

आवाज खरंच वरपर्यंत गेला. जावई निघाले असं समजून म्हातारी फुलांची परडी पुढ्यात घेऊन बसली. दिवस कलता चंद्रा एकटीच पोहोचली. आईने तिच्या तोंडावरून पंजा फिरवला आणि मग तिच्या शेजारी चाचपून पाहिलं.

"जावई?"

"येतायत," चंद्रा म्हणाली. "आवाज येतोय ना."

म्हातारी परडीला हात न लावता बसून राहिली.

खाली गुणाजीला फार वाईट वाटत होतं. उठावं, तसंच चालत सुटावं, असं त्याच्या सारखं मनात येई. पण इंजिन बंद केलं तर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, आणि वारा घालायची पाळी त्याची होती.

तात्पर्य : इंजिनाचा जोर अवश्य वाढवावा. घरच्यांना चालायची सवय लागते.