सासऱ्यांच्या कानांना चुकवून बिअर

सासऱ्यांशी वाद घालू नये हे मला कळतं, पण वळत नाही. त्या रविवारी मी नुसतं "हो बाबा" म्हटलं असतं, तर आख्ख्या इमारतीसमोर माझी शोभा झाली नसती.

आमचे सासरे छिंगदाओच्या नौदल तळावरच्या जुन्या चिनी पाणबुडीवर कानाला यंत्र लावून शत्रूचे आवाज टिपायचे. निवृत्तीनंतर तेच काम ते आमच्या दिवाणखान्यात करतात. मी असतो पाणबुडीला आवाज गिळणाऱ्या रबरी फरशा चिकटवणाऱ्या खात्यात. (चिकटवणारे दुसरे, मी कारकून. पण घरी 'आम्ही' म्हणतो.)

"अमेरिकन बोट पाण्यात विरघळते, जावईबापू," सासरे म्हणाले. "रशियनसुद्धा हल्ली पाय न वाजवता येते. आपली म्हणजे वरात!"

"ती तुमच्या वेळची, बाबा. आता आपल्याही बोटींचा पत्ता लागत नाही."

"पुरावा?"

"पत्ता लागला तर शांत कसली!"

"मग तुम्हीच दाखवा. कोपऱ्यावरून पिशवीभर बिअर आणा आणि मला ऐकू न येता बाल्कनीत पोहोचा. जमलं, तर बिअरच्या जत्रेला जायची परवानगी लेकीकडून मी काढतो."

माझ्या पायाच्या अंगठ्याला गाउट आहे. शिंपल्या आणि बिअर यांच्या कृपेनं आमच्या गावात तो घरोघरी असतो. बायकोनं, म्हणजे रुइचिननं, माझी बिअर बंद करून मक्याच्या केसांचं उकळलेलं पाणी सुरू केलं होतं. जत्रा तर माझा जीव की प्राण. मी विडा उचलला.

आमच्याकडे सुटी बिअर प्लास्टिकच्या पिशवीत मिळते; कोपऱ्यावर पिंपातून तशी पिशवी भरून घेतली, गाठीत नळी खोचली. दाराबाहेर बूट काढून हातात घेतले आणि रुइचिनचे लोकरीचे मोजे चढवले. कुलपात तेल सोडलं. एक शिंक आली, ती आल्या वाटेनं परत पाठवली. सासरे खुर्चीत डोळे मिटून, कान टवकारून बसलेले. त्यांच्या नाकासमोरून गेलो आणि बाल्कनीच्या पडद्याआड उभा राहिलो. चिनी नौदलाचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शिंपल्या धुता धुता रुइचिन म्हणाली, "बाबा, हे मघाशीच फाटकातून आत आले, मी खिडकीतून पाहिलं. अजून किल्ल्या कशा पडल्या नाहीत? दार आपटलं नाही, शिंकले नाहीत... अगंबाई! जिन्यात कोसळले असतील!"

ती धावत सुटली. खालच्या मजल्यावरच्या यू काकू ओरडल्या, "मलाही वाटलंच गं! ते आले की माझ्या कपबशा वाजतात, आज वाजल्याच नाहीत!" बघता बघता सगळा जिना माणसांनी भरला.

"अहो, कुठं आहात? आवाज द्या हो!" रुइचिन रडत होती. "पुन्हा बिअरला नाही म्हणणार नाही मी!"

(खरं सांगतो, इथे मी क्षणभर थांबलो. आणखी काय काय कबूल करते ते ऐकायला.)

पण मग तिचा आवाज फुटला. पिशवी तिथंच टाकून धावलो. लोकरीचे मोजे, गुळगुळीत फरशी! दार, चपलांची मांडणी आणि अर्धा जिना बरोबर घेऊनच खाली पोहोचलो.

"आले!" यू काकू म्हणाल्या. "हाच तो आवाज."

रुइचिननं मला मिठी मारली. मग तिची नजर खाली गेली. "हे माझे मोजे ना?"

सगळं ओकावं लागलं. लंगडत वर आलो. सासरे त्याच खुर्चीत, तसेच डोळे मिटून.

"बाबा, हिला सांगा! मी ऐकू आलो का?"

"नाही बुवा. हरलो. आपली बोट शांत आहे."

मी ऐटीत बाल्कनीत गेलो. पिशवी चपटी पडली होती. आत नुसती नळी.

"आमची बोट फार वाजायची, जावईबापू," मिशीवरचा फेस पुसत सासरे म्हणाले. "म्हणून माणसांना गप्प राहावं लागायचं."

पण माणूस शब्दाचा पक्का. जत्रेची परवानगी त्यांनी खरंच काढली. बिअर ते पिणार, पिशवी मी धरणार. माझ्यासाठी रुइचिन थर्मासात मक्याच्या केसांचं पाणी देणार आहे, आणि ते मी फुर्र फुर्र आवाज करत प्यायचं, म्हणजे गर्दीत हरवलो तरी बाबांना सापडेन.