मोतीजी वर का चढतात

मंगळवारी चंपालालशेठ वारले. निरोप आला तेव्हा मी शाळेत निघालो होतो. त्यांच्या घरी गेलो. दारात माणसं जमली होती. मी आत जाऊन सापाला पाणी ठेवलं.

ज्यांनी शेठजींना पाहिलं नाही त्यांना हे विचित्र वाटेल. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान, दुकानामागे घर, कांदा-लसूणही वर्ज्य असलेलं जैन घराणं, आणि त्या घरात एक अजगर. आपल्याकडचा मोठा नव्हे. हा आफ्रिकेतला, आखूड, जाडसर, घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. शेठजींच्या एकुलत्या मुलानं, सुनीलनं, हैदराबादला शिकताना तो घेतला होता. पुढे दुकानात बसण्यावरून बापलेकाचं बिनसलं, सुनील नोकरीसाठी परदेशी गेला आणि साप मागे घरात राहिला. शेठजींच्या पत्नी त्याआधीच गेल्या होत्या.

शेठजींनी सापाचं नाव मोती ठेवलं, पण एकेरी हाक कधी मारली नाही. "मोतीजी, उतरा आता, पाणी पिऊन घ्या," असं ते म्हणत. गल्लीतल्या पोरांना 'अरे-कारे' करणारा हा माणूस सापाला मात्र 'अहो-जाहो' करी.

जेवणाचा प्रश्न अवघड होता. शेठजी मुंगीलाही वळसा घालून जात आणि मोतीजींना उंदराखेरीज काही चालत नसे. मी शेजारी राहतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. भुसार दुकानांतून मी पिंजऱ्यात उंदीर आणायचो. तिथले हमाल विचारायचे, "काय गुरुजी, शेठजीच्या जावयाला आज काय मेनू?" उंदीर घरात आला की शेठजी दुकानात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसत. दुसऱ्या दिवशी त्या उंदरासाठी उपवास धरत. मी एकदा म्हटलं, "शेठजी, खाल्लं सापानं, उपवास तुम्हाला?"

"मंग काय त्यांना धरायला सांगू?" ते म्हणाले.

मोतीजींचं घर म्हणजे साड्यांची जुनी काचेची शोकेस. शेठजींनी फळ्या काढल्या, वर हवेसाठी जाळी बसवली, कोपऱ्यात मडकं पालथं घालून त्याला तोंड पाडलं, ऊब यावी म्हणून दिवा लावला. मीटरपट्टी घेऊन मोतीजींना मापलं तेव्हा मीच त्यांना सरळ धरलं होतं. सव्वा मीटर भरले. "चार बोटं जास्त धरा," शेठजी म्हणाले. "वाढतं अंग हाय." मग लिंबाची एक फांदी आणून तिरपी बसवली.

फांदीवरून आमचा वाद झाला. शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात लिहिलं होतं की हा साप जमिनीवर, बिळांत राहतो. मी ते वाचून दाखवलं.

"पुस्तकवाल्यानं ह्यांना विचारलं होतं का?" शेठजी म्हणाले.

आणि मोतीजी खरंच चढले. पहिल्याच दिवशी, थेट जाळीपर्यंत. नाक जाळीला लावून दिवसभर वरच राहिले. शेठजी गिऱ्हाईक सोडून मला बोलवायला आले. "बघा गुरुजी, कशी मजा करून राह्यले! बिलकुल खाली यायचं नाव न्हाई." महिनाभर त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला आत नेऊन ते दाखवलं.

एका रविवारी पाणी बदलायला मी शोकेसमध्ये डोकं घातलं आणि माझे डोळे चुरचुरले. खाली अंथरलेली चटई उचलली. चार कोपऱ्यांत चार डांबरगोळ्या.

"शेठजी, या कोणी ठेवल्या?"

"मीच. कपाट रिकामं झालं की गोळ्या टाकायच्या. हातच तसा पडतो." मग त्यांना कळलं. कापडाला कसर लागू नये म्हणून जे उभ्या जन्मात केलं, तेच त्यांनी इथेही केलं होतं. ते कितीतरी वेळ जाळीकडे बघत राहिले. "म्हणजे मजेनं न्हाई. श्वास घ्यायला जात होते."

शोकेस धुतली, उन्हात वाळवली, नवी चटई घातली. मोतीजी मडक्यात शिरले ते बाहेर आलेच नाहीत. आठवडा गेला. शेठजींचं जेवणावरचं मन उडालं. दुकानात ते मीटर दोनदा मोजायला लागले, आकडा विसरायला लागले. "त्यांनाबी हितं ऱ्हायचं न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "निघायची वाट शोधत होते, आन मी लोकांना दाखवत होतो."

मी म्हटलं, पुस्तकातही बीळच लिहिलंय. त्यानं त्यांना काही दिलासा मिळाला नाही.

नवव्या की दहाव्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. दुकान लवकर बंद केलं होतं. शोकेसचं दार त्यांनी सताड उघडलं आणि समोर गादीवर बसले. "जायचं आसंल तर जातील. आज बराबर कळंल." मी खोलीचं दार लावायला उठलो तर म्हणाले, "तेबी उघडं ऱ्हाऊ द्या."

दिवेलागणीला मडक्यातून डोकं आलं. मोतीजी शोकेसच्या उंबऱ्यासारख्या लाकडी पट्टीवर आले, अर्धं अंग बाहेर काढलं, जीभ लपलपवली. पुढे खोली, खोलीपुढे अंगण. शेठजींनी हात जोडले होते.

मग ते डोकं वळलं. मागे फिरून फांदीला टेकलं आणि चढायला लागलं. पाय नाहीत, हात नाहीत. सगळं अंग एकेका ठिकाणी टेकत, थांबत, फांदीचा प्रत्येक डोळा जणू हातानं चाचपून बघत. मधेच शेपटीच्या विळख्यावर भार टाकून ते हवेत पुढे झुकले आणि तसेच थांबले. जाळीपर्यंत गेलेच नाहीत. फांदीच्या मध्यावर अंग सोडून राहिले. तपकिरी अंगावरचे सोनेरी ठिपके दिव्यात हळूहळू वरखाली होत होते. वर्गात मी पोरांना किती वर्षं प्राणी शिकवले. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा एक दिसला.

शेठजींनी जोडलेले हात सोडले. "सुनीलला मी कधी असं दार उघडं ठिवलं न्हाई, गुरुजी. तू जा म्हणलो न्हाई. गेला तवा बी न्हाई."

त्याच रात्री त्यांनी मुलाला फोन लावला. काय बोलले ते मी विचारलं नाही. पुढे तो दर रविवारी फोन करायचा. शेठजी त्याला मोतीजींची खुशाली सांगायचे, आणि बहुतेक तेवढीच.

शेठजी गेल्यावर सुनील चौथ्या दिवशी पोचला. आठवडाभर राहिला, दुकान विकायला काढून परत गेला. शोकेस माझ्या पुढच्या खोलीत आहे. मोतीजी संध्याकाळी चढतात.