भुतानंसुद्धा दार वाजवून यावं

भुतानं खुशाल भिंतीतून यावं, पण आधी दोनदा टकटक करावी, हा फिलोमिना मावशींचा नियम. एकदा लिहिण्याच्या भरात भूत तसंच आत आलं, तर मावशींनी अख्खं प्रकरण फाडून टाकलं.

भुईगावात मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. माझं गाव जालन्याकडचं, शाळा सातवीत सुटली, सातिवलीला कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. मावशी निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान इनास अंकल गेल्यापासून कादंबरी लिहितात. राणी व्हिक्टोरियाचं लंडन, वाफेवर उडणारी जहाजं आणि तिखट जिभेची लेडी ॲराबेला. तिचं एका कॅप्टनच्या भुतावर प्रेम. तिथं चमचा चुकीचा धरला तर लग्न मोडतं. नवरामुलगा मेलेला आहे, त्याचं मात्र कुणाला काही नाही.

एका रविवारी त्यांनी मला घरात बोलावलं. मला वाटलं, खोली खाली करायला सांगतात.

"बसा, गृहस्थ. ॲराबेलाच्या छत्रीत बॉयलर बसवायचाय."

मला तोवर कुणी गृहस्थ म्हटलं नव्हतं.

"छत्रीत? बाई भाजंल की, मावशी!"

"लेडी भाजत नाही. फार तर तिला किंचित उकडतं."

"मग सेफ्टी व्हॉल्व्ह तरी द्या. जास्तीची वाफ शिट्टी मारून निघून जाईल."

पुढच्या प्रकरणात भर मेजवानीत छत्रीनं शिट्टी मारली आणि ॲराबेला होणाऱ्या सासूला म्हणाली, "क्षमा करा, तुमचं बोलणं हिलाही सहन झालं नाही." हसताना पाव माझ्या घशात अडकला.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मावशी वाचतात आणि मी वाफ तपासतो. टेबलावर कप मात्र तीन. तिसऱ्यावर बशी झाकलेली. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटचं प्रकरण काही केल्या होईना. "पुस्तक संपलं की कॅप्टन कायमचा जाणार, असं मीच पहिल्या पानावर लिहून बसलेय," मावशी म्हणाल्या.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मेणबत्त्या घेऊन मी त्यांच्याबरोबर कबरस्तानात गेलो. फुलं ठेवण्याआधी त्यांनी अंकलच्या कबरीवर बोटानं दोनदा टकटक केली आणि जरा थांबल्या.

"स्वतःच्या घरातसुद्धा हा दार वाजवून यायचा," म्हणाल्या.

परतताना मी भीतभीतच म्हटलं, "मावशी, एवढी प्रकरणं फाडलीत. पहिलं पान फाडलं तर?"

"लेखिकेनं शब्द फिरवायचा? असभ्यपणा आहे हा, गृहस्थ." चुकलंच आपलं, असं वाटून आठवडाभर मला झोप नाही.

रविवारी त्यांचं दार वाऱ्यानं लागलेलं होतं. एरवी उघडंच असतं. मी दोनदा टकटक केली. आतून धावत पावलं आली. दार उघडून मावशींनी क्षणभर माझ्या खांद्यामागं पाहिलं.

"तुम्ही होय," म्हणाल्या. मग नेहमीसारखं हसल्या. "या, या. पहिलं पान फाडलं. आता तो कुठंही जात नाही."

टेबलावर तीन कप होते. बसण्याआधी मी तिसरी खुर्ची जरा मागं ओढून ठेवली.

"आता कसं," मावशी म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.