साळूबाईंचं जपानी दुखणं

साळूबाईंना काय होतंय, हे विचारायचं काष्टी गावातल्या त्या घरानं केव्हाच सोडून दिलं होतं. विचारलं की गुडघ्यापासून सुरुवात व्हायची आणि गाडी टाळूपर्यंत पोचेस्तोवर चहा निवून जायचा. त्यामुळे भाची वृषाली रोज खाटेजवळ बसून, "आत्या, कसं दुखतंय गं? नीट सांग," असं विचारू लागली, तेव्हा साळूबाईंना आधी संशयच आला.

वृषाली नर्सिंग शिकली होती आणि जपानमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नोकरीसाठी तिची मोबाईलवर मुलाखत होती. भाषा तिनं बऱ्यापैकी घोटली होती, घोडं अडलं होतं ते दुखण्यापाशी. जपानी म्हातारी माणसं नुसतं 'दुखतंय' म्हणून थांबत नाहीत. ठसठसलं तर 'झुकीझुकी', डोक्यात घण पडले तर 'गानगान', टोचलं तर 'चिकुचिकु', आग झाली तर 'हिरीहिरी'. मुलाखतीला घरातलं एक माणूस रुग्ण म्हणून बसवायचं, त्यानं यातलं काहीतरी म्हणायचं आणि वृषालीनं ते ओळखून त्याची सेवा करून दाखवायची, असा नियम होता.

"ह्यात शिकायचं काय?" साळूबाई म्हणाल्या. "आपल्यात बी ठनकतं ते येगळं, ठसठसतं ते येगळं, चुरचुरतं ते येगळं. डाक्टर समद्याला एकच गोळी देतो, ही गोष्ट न्यारी."

आणि खरोखरच बाईंनी तहानभुकेच्या शब्दांसकट सगळे शब्द आठवड्याभरात तोंडपाठ केले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्या दुखण्याची उजळणी घेत होतं.

मोबाईलला रेंज फक्त अंगणात, म्हणून मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी खाट अंगणात आली. साळूबाई गोधडी घेऊन पडल्या आणि त्यांनी असा सूर लावला, "झुकीझुकी गं बाई, झुकीझुकी!" की डेअरीला दूध घालून परतणारी शेजारची बनुबाई किटलीसकट आत आली.

"काय झालं गं साळूबाईला?"

"काही नाही काकू, प्रॅक्टिस चाललीय."

बनुबाईनं आवाज खाली आणला. "खरं सांग. आमी काय परकी हाय व्हय?"

"अहो, खरंच काही नाही!"

"म्हंजी लईच हाय," बनुबाईनं ठरवलं. घरचे 'काही नाही' म्हणाले की दुखणं मोठं, हा गावचा नियम. तिनं बाहेर पडता पडता कोपरगावला फोन लावला.

कोपरगावला साळूबाईंचा एकुलता एक मुलगा कानिफनाथ उसाचा ट्रॅक्टर चालवत होता. हंगामात त्याला सवड नसायची आणि हंगाम संपला की ट्रॅक्टर दुरुस्तीला जायचा. मागच्या दोन्ही दिवाळ्या त्यानं फोनवरच उरकल्या होत्या.

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. खाटेवर बिस्किटांचे पुडे जमले. साळूबाई मात्र हातात खराटा घेऊन अंगण झाडत होत्या. "आवं, मी ठणठणीत हाय! बघा की!" असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. लोक हळहळत होते, "किती सोसती बाई!"

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि कानिफनाथ उतरला. केस विस्कटलेले, डोळे लाल.

साळूबाईंनी त्याला पाहिलं. खराटा टाकला. खाटेवर जाऊन आडव्या झाल्या आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"आई, काय हुतंय गं?"

"गानगान," साळूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"आत्या!" वृषाली ओरडली आणि नेमका मोबाईल वाजला.

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या सातो मॅडम आल्या. चष्मा, पिकलेले केस, मागे पांढरीशुभ्र भिंत. त्यांना समोर दिसली खाट, बिस्किटांचा ढीग आणि निम्मी काष्टी.

"ही कोन?" कानिफनाथनं विचारलं.

"जपानची मोठी डाक्टरीन," बनुबाई म्हणाली.

कानिफनाथनं मोबाईलला हात जोडले. "मॅडम, कायबी करा, पन माझ्या आईला वाचवा." मॅडमनी जपानी रीतीप्रमाणे त्याच्याहून जास्त वाकून उलट नमस्कार केला, ते बघून त्याचा धीर सुटला. "डाक्टरीन हात टेकती! उचला रं खाट! नगरला न्यायची!"

चौघांनी खाट उचलली. रुग्णच निघाला म्हटल्यावर नोकरीही त्याच खाटेवरून निघाली होती. वृषालीनं 'आत्या नाटक करतेय' एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण साळूबाईंनी लेकाची बाही मुठीत घट्ट धरली होती. ते पाहून वृषालीचा जीव कळवळला आणि शब्द तोंडातच राहिला.

"रुग्णाला विचारा, कसं वाटतंय!" मॅडम जपानीत ओरडल्या.

वृषाली मोबाईल घेऊन खाटेबरोबर धावत होती. तिनं जपानीत विचारलं. भेटायला येणाऱ्यांच्या गडबडीत साळूबाईंच्या पोटात पहाटेपासून अन्नाचा कण नव्हता. उशाशी एवढी बिस्किटं, पण मरणपंथाला लागलेल्या माणसानं ती खायची कशी? सवयीनं खरं ते तोंडातून गेलं.

"पेकोपेको."

सातो मॅडम तोंडावर हात धरून हसत सुटल्या. वृषाली तर हसून हसून मातीतच बसली.

कानिफनाथचा चेहरा उतरला. "पेकोपेको म्हंजी? लई वाईट हाय का?"

"कानिफदादा," वृषाली डोळे पुसत म्हणाली, "तिला भूक लागलीय."

खाट धरलेले चौघे जागीच थांबले. मग बनुबाई कडाडली, "भूक लागली? आगं मंग उतार पडला की! डाक्टरनीनं नुसतं इचारलं न् उतार पडला!"

खाट खाली आली. कानिफनाथनं दुधात भाकरी कुस्करली आणि स्वतःच्या हातानं आईला भरवली. साळूबाई तीही आजाऱ्यासारखी, डोळे मिटून खात होत्या.

"खरं काय झालंय त्यांना?" मॅडमनी हळूच विचारलं.

हे वाक्य वृषालीच्या तयारीत नव्हतं. अडखळत ती जपानीत म्हणाली, "भूक लागलीय. आणि मुलगा फार दिवसांनी आलाय."

मॅडमनी खाटेवरच्या मायलेकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही पुष्कळांना हेच होतं. तुम्ही या."

वृषालीला नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी कानिफनाथ निघाला. "आई, जपून ऱ्हा. पुढल्या महिन्यात बघायला येतोच."

जीप वळणाआड जाईपर्यंत साळूबाई फाटकाशी उभ्या होत्या. मग तरातरा आत आल्या.

"तू कवा जानार जपानला?"

"चार महिने तरी लागतील, आत्या. का गं?"

"मंग बस खाली. गानगान आज खर्ची पडलं," साळूबाई पदर खोचत म्हणाल्या. "पुढल्या महिन्याला दुसरं कायतरी शिकव."