पायाळू अप्पांनी लाथ सोडली

शिरूर कासारच्या बाजारात विश्वनाथअप्पांच्या किराणा दुकानासमोर कुणी कमरेवर हात ठेवून कण्हत उभा दिसला, तर तो साखर घ्यायला आलेला नसतो. तो लाथ खायला आलेला असतो.

अप्पा पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. अशा माणसाने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण पळते, असं आमच्याकडे सगळे मानतात. अप्पांनी हा मान वर्षानुवर्षं मिरवला. सरपंच, फौजदार, एकदा तर खुद्द सासरे, सगळ्यांना लाथ घातली आणि वर त्यांचाच चहा प्याले. सासऱ्यांच्या वेळी जरा जास्तच मन लावलं, असं ते स्वतः सांगतात.

आता मात्र लाथेऐवजी प्रवचन मिळतं. "गोणी कशी उचलली बे? कंबरंतून वाकून? गुडघे वाकवाया काहून लाजतोस? खाली बस, गोणी छातीशी धर, मंग ऊठ." त्या बिचाऱ्याला भर रस्त्यात उठाबशा. "घरी जाऊन शेक. पन पडून ऱ्हाऊ नको, हिंडत ऱ्हा. पायाला मुंग्या आल्या तर डॉक्टरकडं पळ."

"अप्पा, एक लाथ द्या की!"

"लाथ बंद हाय."

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांना खेटून, त्यामुळे माझीही सुटका नाही. मी मशीनवर वाकतो म्हणून त्यांनी एके दिवशी मशीनखाली विटाच रचल्या. तेव्हापासून गिऱ्हाइकांना माझं फक्त कपाळ दिसतं.

लाथ बंद होण्याचं कारण त्यांच्या घरातच होतं. काकू, म्हणजे अप्पांची बायको, पाण्याचा हंडा उचलताना जागीच अडकल्या. अप्पांनी ऐटीत पाय लावला. काही फरक नाही. पुन्हा जोरात लावला, तर काकू पांढऱ्याफटक पडल्या. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, व्यायाम सांगितले आणि कडक आवाजात विचारलं, "लाथ कुणी मारली?"

"शेजाऱ्यानं," अप्पा म्हणाले. शेजारी म्हणजे मी.

त्याच सुमारास त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. काकूंना एकच ध्यास लागला, बारशाला बाळ पाळण्याखालून आपणच घ्यायचं. पाहुणे म्हणू लागले, आजीबाईंना खुर्ची द्या, त्या बसून बघतील. अप्पांना हे फार लागलं. रोज सकाळी दोघं सिंदफणा नदीच्या पुलापर्यंत चालून यायचे. काकूंचा प्रत्येक व्यायाम आधी अप्पा करायचे आणि स्वतःच ओरडायचे. नंतर रिकाम्या पाळण्याखालून ज्वारीची पिशवी द्यायची-घ्यायची तालीम सुरू झाली. पिशवीला कुंची घातलेली होती. मी गच्चीवरून बघायचो आणि हसून हसून माझीच कंबर धरायचो.

बारशाच्या दिवशी मात्र मला हसू येईना. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत सुनेच्या आईने बाळ खालून पुढे केलं. काकू सावकाश गुडघ्यांत बसल्या, बाळाला छातीशी घेतलं आणि ताठ उभ्या राहिल्या. पुढच्या प्रत्येक खेपेलाही तशाच. बायकांनी घर डोक्यावर घेतलं. मीही हातातलं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवून टाळ्या पिटल्या.

अप्पा कुठे दिसेनात. शोधलं, तर मागच्या पायरीवर पाठ फिरवून बसलेले.

"अप्पा, जमलं की काकूंना! तुम्ही इथं काय करता?"

"बघवलं न्हाई बे," ते म्हणाले. "माझ्याच पायानं तिचं दुखनं वाढवलतं. लई भ्यालतो." त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण डोळे पुसत पुन्हा खालीच बसले.

तेवढ्यात काकू बाळाला घेऊन आल्या. नवऱ्याकडे पाहिलं, बाळ माझ्या हातात दिलं, पुढे होऊन गुडघे वाकवले आणि अप्पांचे दोन्ही हात धरून त्यांना अलगद उभं केलं.

"अवो, रडू नगा," त्या म्हणाल्या. "पोरगं बघतंय."